तांबडा ठिपका

टेक्सासात डॅलस शहराच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, ॲलन, मॅकिनी अशी गावे एकाला एक चिकटून वसली आहेत. गावे म्हणायची एवढेच. त्यांना वेस नाही, पार नाही, आणि डोंगर तर औषधालाही नाही. थाळीसारखी सपाट जमीन, तिच्यावर आखून दिल्यासारखे रुंद रस्ते आणि रस्त्यांच्या कडेला तांबड्या विटांची बैठी घरे. एका घरासारखे दुसरे आणि दुसऱ्यासारखे तिसरे! माझी थोरली बहीण गेली अठरा वर्षे यांतल्याच एका घरात राहते. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी पाच आठवडे तिच्याकडे होतो, आणि घर ओळखण्याची माझी खूण अखेरपर्यंत एकच राहिली, ती म्हणजे दाराशी ठेवलेली तुळस.

टेक्सास हे राज्य महाराष्ट्राच्या सव्वादोन पट मोठे आहे, ही माहिती भूगोलाच्या पुस्तकात वाचणे वेगळे आणि भाजी आणण्यासाठी वीस मैल मोटार हाकणाऱ्या माणसाशेजारी बसून अनुभवणे वेगळे. चालत जाणारा माणूस येथे दिसत नाही. मी रोज सकाळी फिरायला निघे, तेव्हा दोनदा तरी कोणी मोटार थांबवून "गाडी बंद पडली का?" असे आपुलकीने विचारी. संध्याकाळ झाली की दुकानांसमोरच्या अफाट मोटारतळांवर ग्रॅकल नावाचे काळे, लांब शेपटीचे पक्षी हजारोंनी जमतात आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज काढतात. चिमण्याकावळ्यांची आठवण येणाऱ्याला तेवढीच सोबत.

मराठी माणसे मात्र भरपूर आहेत. मंडळ आहे, गणपती आहे, नाटके होतात, आणि कोणाच्याही घरी गेले तरी चकली पुण्याची की घरची यावर गंभीर चर्चा होते. त्या चर्चेत बसलो असता आपण सातासमुद्रांपलीकडे आहोत हे विसरायला होते. आठवण करून देते ती दुकानाच्या दारावरची पाटी.

वाणसामानाच्या एका भारतीय दुकानात शिरताना मी ती प्रथम वाचली. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, ठसठशीत अक्षरांत, तीस पूर्णांक शून्य सहा आणि तीस पूर्णांक शून्य सात या कलमांचा हवाला देऊन म्हटले होते की, परवानाधारकाने पिस्तूल लपवून वा उघडपणे घेऊन या जागेत येऊ नये. अक्षर निदान एक इंच उंचीचे असलेच पाहिजे असे कायदा सांगतो. भाषेचा अध्यापक असल्यामुळे पाट्या वाचणे हा माझा जुना छंद आहे. 'येथे थुंकू नये' पासून 'उधारी बंद' पर्यंत नाना पाट्या मी वाचल्या आहेत. पण मूगडाळ घ्यायला येणाऱ्याने कमरेचे पिस्तूल बाहेर ठेवून यावे, अशी सूचना वाचण्याचा योग पहिलाच. जेथे अशी पाटी नसते तेथे काय समजायचे, हा विचार मागाहून मनात आला. येथे १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षे पुऱ्या झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगून हिंडायला परवानाही लागत नाही.

पाहुण्याला दाखवायच्या ज्या जागा असतात त्या भावोजींनी दाखवल्या. फोर्टवर्थच्या जुन्या गुरांच्या बाजारात रोज दोन वेळा लांब शिंगांच्या बैलांची मिरवणूक निघते, ती पाहिली. आपल्या पोळ्याची सर तिला नाही; बैलांच्या पाठीवर झूल नसेल तर कसला आला आहे थाट! डॅलसच्या डीली प्लाझात गेलो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या ती सहाव्या मजल्यावरची खिडकी आता संग्रहालयाचा भाग आहे. चित्रांत पाहून तो चौक फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या बसस्थानकाएवढा. खिडकीपासून रस्ता इतका जवळ आहे की अंगावर शहारा येतो. भावोजी तेथे काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर मोटारीत मात्र म्हणाले, "प्रोफेसर, आता घरचंही एक सांगून ठेवतो. ताईनं पिस्तूल घेतलंय."

ताईने! जिने लहानपणी फटाक्याची लवंगी लावायची तरी माझा हात पुढे केला, तिने!

ताई औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दुकान रात्री दहाला बंद होते आणि कुलूप लावून मोटारीपर्यंत जायचे ते त्या विस्तीर्ण, ओसाड मोटारतळावरून. भावोजींचे काम फिरतीचे. सोमवारी विमानाने जायचे, गुरुवारी यायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्लेनोतल्याच एका उपाहारगृहाबाहेर चार भारतीय स्त्रियांना एका बाईने "आपल्या देशात परत जा" म्हणून शिवीगाळ केली आणि अंगावर हात टाकला, ते चित्रण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मग ६ मे २०२३ चा शनिवार उजाडला. ॲलनच्या बाजारपेठेत एका माणसाने आठ जणांचे प्राण घेतले. त्यांत हैदराबादकडची एक तरुण अभियंता होती. ताईच्या घरापासून ती बाजारपेठ मोटारीने पंधरा मिनिटांवर. भाच्याचे बूट तिथलेच. त्यानंतर चार महिन्यांनी ताईने पिस्तूल घेतले.

घेणे सोपे होते, असे ती म्हणाली. एक अर्ज भरायचा, ओळखपत्र दाखवायचे, दुकानदार सरकारी यंत्रणेकडे तुमची चौकशी करतो आणि बहुधा काही मिनिटांत होकार येतो. तिच्याकडे नागरिकत्व होते म्हणून. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या आमच्या मराठी पोरांना ते सहसा घेता येत नाही. आणि माझ्यासारख्या पर्यटकाने तर, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक वा काडतूस जवळ बाळगणे हाच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा. "तू बघायचं फक्त. हात लावायचा नाही," असे ताईने बजावले. लहानपणी नैवेद्याच्या ताटाबद्दल आई बजावी, अगदी त्याच सुरात.

पिस्तूल कपाटातल्या पोलादी पेटीत होते, चांदीच्या निरांजनाशेजारी. आकाराने तळहातापेक्षा थोडे मोठे, वजन रिकामे असताना अर्ध्या किलोहून किंचित अधिक, नळी तीन इंचांची. आणि चापाच्या कडीखाली एक काळे, अंगठ्याएवढे खोके. मूठ आवळली की मधल्या बोटाखालची कळ दाबली जाते आणि खोक्यातून तांबड्या प्रकाशाचा किरण निघतो. किरण पडेल तेथे गोळी लागेल, अशी ही योजना. हेच ते लेझर.

लेझर या वस्तूचा जन्म १९६० सालचा. कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून तो प्रकाश प्रथम काढला. पिस्तुलावर बसवलेला लेझर बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो १९८४ च्या 'टर्मिनेटर' चित्रपटात; पण त्या काळी त्याची नळीच केवढी तरी मोठी होती. पुढे डाळिंबाच्या दाण्याएवढा अर्धवाहक लेझर निघाला आणि घड्याळाच्या बॅटरीवर चालू लागला. ऑरेगनमध्ये क्रिमझन ट्रेस ही कंपनी १९९४ साली निघाली ती याच धंद्यासाठी. चित्रपटात दिसते तशी लाल रेघ मात्र प्रत्यक्षात दिसत नाही. हवेत धूर किंवा धूळ नसेल तर दिसतो तो केवळ समोरचा ठिपका.

शनिवारी ताईबरोबर मी तिच्या चांदमारीवर गेलो. बाहेरून एखादे मोठे फर्निचरचे दुकान वाटावे अशी इमारत. आत काचेआड पंधरा-वीस गाळे, प्रत्येकात विजेवर मागेपुढे सरकणारी तार आणि तारेला टांगलेली कागदी माणसाकृती. मी काचेच्या अलीकडे, कानांवर कर्णरक्षक चढवून. तरीही प्रत्येक बार छातीत जाणवे. शेजारच्या गाळ्यात आजोबा-नातू, पलीकडे एक तरुण जोडपे. सगळा मामला आपल्याकडच्या रविवारच्या बॅडमिंटनसारखा घरगुती, हेच मला अधिक चमत्कारिक वाटले.

ताईच्या शिक्षिका पोलिसातून निवृत्त झालेल्या, साठीच्या, चेहऱ्याने थेट आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई! त्यांनी बाहेर येऊन मला सर्व समजावून सांगितले. शिकवणारा माणूस कोणत्याही मुलुखातला असो, ऐकणारा भेटला की खुलतो.

त्या म्हणाल्या की साध्या पिस्तुलाला नेमाच्या तीन गोष्टी असतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचे लक्ष्य. या तिन्ही एकदम स्पष्ट पाहणे मनुष्याच्या डोळ्याला शक्य नाही. म्हणून नियम असा की डोळा माशीवर ठेवायचा आणि लक्ष्य धूसर दिसले तरी चालवून घ्यायचे. ऐकून मला अर्जुनाची काळजी वाटली. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा दिसतो असे त्याने द्रोणाचार्यांना सांगितले. या बाईंच्या वर्गात तो नापास झाला असता. पण गंमत पुढेच आहे. लेझर लावला की नजर पुन्हा लक्ष्यावर जाते, कारण ठिपकाच तेथे असतो. म्हणजे यंत्राने अर्जुनाला पुन्हा पास केले!

आणि यात वयाचा प्रश्न आहे. हाताच्या अंतरावरची माशी तरुण डोळ्याला लख्ख दिसते. चाळिशी लागलेल्याला तिच्याभोवती केस उगवल्यासारखे दिसते. ताई बावन्न वर्षांची. मध्यरात्री दचकून उठलेली बाई आधी चष्मा शोधील, की माशी? लेझर घेण्याचे तिचे खरे कारण हे होते. त्यात पिस्तूल जितके लहान तितकी खाच आणि माशी जवळ, आणि तितकी चूक मोठी. दोहोंत तेरा सेंटिमीटरांचे अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर ढळली, तर सात यार्डांवर गोळी सुमारे पाच सेंटिमीटर सरकते. हा हिशेब मी रात्री कागदावर करून पाहिला. बाईंचे म्हणणे बरोबर निघाले.

ठिपक्याचे दोषही त्यांनी लपवले नाहीत. खोके नळीच्या खाली असल्यामुळे किरण आणि गोळी यांच्या वाटा सर्वस्वी एक नसतात. एका ठराविक अंतरावर त्या जुळवून घ्यायच्या. त्याहून जवळच्या वस्तूवर गोळी ठिपक्याच्या किंचित वर लागणार. जुळवणी बारीक किल्लीने दोन स्क्रू फिरवून करतात. बॅटरी ऐन वेळी संपते. उन्हात तांबडा ठिपका हरवतो. हिरवा अधिक दिसतो, कारण आपला डोळाच हिरव्याला जास्त जागा असतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे नवशिका त्या ठिपक्याच्या मागे धावतो. ठिपका थरथरतो, तो मध्यावर आला रे आला की घाईने चाप ओढला जातो आणि गोळी खाली, एका बाजूला जाते.

ताईचे तसेच झाले. पहिल्या पाच गोळ्यांपैकी तीन कागदी माणसाच्या मांडीपाशी. बाई म्हणाल्या, "थरथरू दे त्याला. सगळ्यांचाच थरथरतो. इतके दिवस तुला दिसत नव्हता, एवढंच." मग ताई शांत उभी राहिली, ठिपक्याला हवा तसा नाचू दिला आणि सावकाश चाप दाबत गेली. पुढच्या पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत लागल्या. मला आमचा जुना शब्द आठवला. 'शिस्त' हा शब्द आपण आता शाळेतल्या रांगेसाठी वापरतो. पण पूर्वी बंदुकीचा नेम धरण्याला मराठीत शिस्त धरणे असेच म्हणत. फारसीतून आला आहे. मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि तिसऱ्यांदा चक्क बरोबर म्हटला.

निघताना त्यांनी ताईला गृहपाठ दिला. पिस्तुलाचे जे चार नियम तिथे भिंतीवर लावलेले असतात, ते जेफ कूपर नावाच्या गृहस्थांनी घालून दिले. बंदूक नेहमी भरलेलीच समजावी. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नये. नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे हे जाणून असावे. बाई म्हणाल्या, "तू घरी जा आणि चौथ्याचं उत्तर घेऊन ये. पिस्तूल पेटीतच राहू दे."

पिस्तूल न काढता उत्तर कसे काढायचे? माझ्या पिशवीत वर्गात पडद्यावर मोडी कागदपत्रे दाखवताना वापरायचा निर्देशक होता, पेनाएवढा. त्याचाही किरण तांबडा. रात्री जेवणे झाल्यावर ताईने दिवे मालवले आणि ती आपल्या पलंगाशेजारी उभी राहिली. जेथे ती त्या प्रसंगी उभी राहील असे तिला वाटत होते, तेथे. मी निर्देशक तिच्या हातात दिला.

अमेरिकन घर बाहेरून विटांचे दिसते, पण विटांची ती केवळ साल असते. आत लाकडी सांगाडा आणि त्यावर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ तक्ते. आपण खिळा ठोकायला गेलो तर हातोडीसकट आत जाऊ अशी भिंत. पिस्तुलाची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते.

ताईने दारावर ठिपका पाडला. दाराच्या पलीकडे बोळ, बोळापलीकडे पुढचे दार, त्यापलीकडे रस्ता, आणि समोरच्या घरात दोन लहान मुली. तिने ठिपका खिडकीवर नेला. खिडकीबाहेर फळ्यांचे कुंपण आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर. मग ती उजवीकडच्या भिंतीकडे वळली. पलीकडून भाच्याचा आवाज आला, "मामा, ही बघा, इथे माझी उशी." आणि त्याने आतून भिंतीवर टकटक केली. पंधरा वर्षांचे पोर. त्याला तो खेळ वाटत होता. टकटक जेथे झाली तेथे ताईच्या हातातला ठिपका आधीच होता.

ती काही बोलली नाही. निर्देशक विझवून पलंगावर बसली. बराच वेळ वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मला असे यंत्र घरात नको वाटते, हे मी त्या रात्री भावोजींना स्पष्टच सांगितले. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यांतले निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. घरात वयात येणारा मुलगा असताना त्या आकड्याकडे डोळेझाक करता येत नाही. भावोजी चिडले नाहीत. म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही बरोबर बोलता. पण मंगळवारी रात्री दहाला तो मोटारतळ तुम्ही ओलांडत नाही, ती ओलांडते." मग त्यांनी मला हात्तोरीची हकीगत सांगितली. ऑक्टोबर १९९२, लुइझियानातले बॅटन रूज. सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी, हॅलोविनच्या मेजवानीला निघालेला, चुकून दुसऱ्याच घराची घंटा वाजवली. घरमालकाने 'थांब' म्हटले ते त्याला उमगले नाही, आणि एका गोळीत सारे संपले. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला. "मी रोज गुरुवारी मध्यरात्रीच्या विमानानं येतो," भावोजी म्हणाले, "अंधारात, बूट हातात घेऊन, कोणाची झोप मोडू नये म्हणून. मला हे कळत नाही असं समजू नका."

म्हणजे वाद नव्हताच. दोघांनाही भीती होती आणि दोघांचीही खरी होती.

पुढच्या शनिवारी ताईने बाईंना उत्तर दिले: माझ्या घरात गोळी सोडण्याजोगी एकही दिशा नाही. बाई म्हणाल्या, बहुतेकांच्या घरात नसते. एखादी तयार करावी लागते. त्यांनी कागदावर घराचा नकाशा काढायला लावला. दिवाणखान्यातली शेकोटी तेवढी खऱ्या विटांची, जाडजूड. पलंग हलवला आणि ताई खोलीच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसली, तर दारातून जाणारी रेषा थेट त्या शेकोटीवर संपत होती. त्या कोपऱ्यातून हलायचे नाही, घर धुंडाळायला जायचे नाही, दार लावून ९११ ला फोन करायचा, आणि दाराशी कोण आहे हे मोठ्याने विचारायचे. भावोजींनी विमानतळावरून निघताना आणि दाराशी पोहोचताना फोन करायचा. आणि ठिपक्याने कोणी घाबरून पळेल या भरवशावर तो कोणावरही रोखायचा नाही. हे शेवटचे बाईंनी टेबलावर बोट आपटून सांगितले.

पोलादी पेटी भिंतीच्या सांगाड्याला पक्की ठोकली, कारण सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणे हा टेक्सासात गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी ताईने ती ठोकलीच असती. लेझरची बॅटरी बदलायचा दिवस ठरला: वर्षातून दोनदा घड्याळे मागेपुढे करतात तो. शिवाय ताईने कामाच्या ठिकाणी बोलून आठवड्यातल्या पाचांपैकी तीन पाळ्या दिवसाच्या करून घेतल्या, आणि उरलेल्या दोन रात्री कुलूप लावताना सोबतीला दुसरा माणूस हवा अशी मागणी लेखी दिली. ती मान्य झाली. वर्षभर हे विचारायचे राहून गेले होते, असे ती म्हणाली. पिस्तूल आधी आले.

रविवारी दुपारी आम्ही पलंग सरकवले. ताईचा डाव्या कोपऱ्यापासून दूर, आणि भाच्याचा त्या भिंतीपासून थेट खिडकीखाली. भाचा अजिबात खूश नव्हता. खिडकीत सकाळी ऊन येते, ग्रॅकल ओरडतात, आणि मुख्य म्हणजे विजेचे भोक जुन्या जागी राहिल्यामुळे फोनची वायर उशीपर्यंत पोचत नाही. शेवटी रात्री साडेनऊला भावोजी मोटार काढून दहा फुटांची वायर आणायला गेले, आणि ती मिळाली की नाही हे विचारायला भाचा दर पाच मिनिटांनी त्यांना फोन करीत राहिला.